दान की ठेव

वकीलसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बाईच्या हातातून पुरणपोळ्यांचं ताट हिसकावून घेत होते. बाई साधीसुधी नव्हती. माल खात्यातल्या, म्हणजे महसुलातल्या, बड्या अंमलदाराची बायको, अंगावर भरजरी साडी, मागे पाण्याचा तांब्या धरून गडी. सण होता आणि तिला गाईला घास घालायचा होता. वकीलसाहेब तिच्या अंगावर ओरडले, "एवढी हौस आहे तर तू खा! इथं माझ्यासमोर बसून सगळ्या खा! गाय पोट फुगून आडवी झाली की तिचं पोट चोळायला येणार आहेस का तू?" बाई रडत मठाच्या महाराजांकडे गेली. महाराजांनी तिची समजूत घातली, पोळ्या मठातल्या लोकांना वाटून टाकल्या आणि वकीलसाहेबांना एका शब्दानंही बोलले नाहीत. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासूबाईंच्या मागे उभी राहून मी मनात म्हटलं, कसला हा उर्मट म्हातारा!

हे मत बदलायला मला बराच काळ लागला, आणि ते पूर्ण बदललं असंही नाही. ते उर्मट होतेच. पण हैदराबादेत त्या काळात मी जी गोडबोली माणसं पाहिली, त्यांच्यापुढे हा उर्मटपणा मला दिवसेंदिवस आवडू लागला.

आमचा मठ दत्ताचा. नारायणगुड्याच्या पुढे, आज हिमायतनगरची दुकानं आहेत तिथे तेव्हा बागा होत्या आणि मध्येमध्ये मोकळं रान. मठाच्या आवारात देऊळ, महाराजांची खोली, गोठा आणि भिंतीला लागून भाड्याच्या खोल्या. खोल्यांतून आमच्यासारखी सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबं राहायची. आमचे हे माल खात्यात कारकून. गोठा सगळा वकीलसाहेबांच्या ताब्यात होता. त्यांनी वकिली का सोडली याच्या चार तऱ्हा ऐकायला मिळायच्या आणि त्यातली एकही ते मान्य करायचे नाहीत. फार खोदून विचारलं तर म्हणायचे, "तिथं सगळे बोलायचे. इथं कुणी बोलत नाही."

वकिली सोडली, पण शेरवानी सोडली नाही. कोर्टात जायची तीच काळी शेरवानी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली, खाली धोतर, पाय उघडे. शेणाचे डाग पडून पडून ती मागून हिरवट झाली होती. सासूबाई म्हणायच्या, ही एकदा उकळत्या पाण्यात घातली पाहिजे, त्यांच्यासकट.

बोलण्याची रीत त्याहून वेगळी. माणसांना सरसकट 'अरे-तुरे'. कलेक्टर असो की कोतवाल, मठाचे अध्यक्ष असोत की झाडूवाला, सगळे एका रांगेत. आणि गाईंशी मात्र कोर्टातलं उर्दू, तेही न्यायाधीशापुढं बोलावं तसं अदबीनं. "हुजूर, जरा कदम हटाइए." गाय पाय उचलायची. "बड़ी मेहरबानी." एखादीनं लाथ मारली तरी "खफा हो गईं आप?" एवढंच. मग तोच माणूस मागे वळून माझ्यावर ओरडायचा, "ए पोरी, तुझा पदर तिच्या डोळ्यांपुढं नाचतोय, बाजूला हो!"

दूध काढायचा त्यांचा एक कायदा होता. आधी वासरू. वासरू पिऊन पिऊन आपणहून तोंड बाजूला करेल तेव्हा उरलेलं काढायचं. दोरी ओढून वासराला मागे खेचलेलं त्यांना चालायचं नाही. त्यामुळे देवाच्या नैवेद्याला रोज उशीर. आरतीला जमलेली मंडळी घंटेच्या दोरीला हात लावून ताटकळायची आणि गोठ्यात वासरू निवांत पीत असायचं. कुणी बोलवायला गेलं की उत्तर यायचं, "देवाला सांग, अजून लेकरू जेवतंय." मठाचं दूध विकायचं नाही हाही कायदाच. नैवेद्याचं झालं की उरलेलं आजाऱ्यांना, आणि आजारी कोण हे वकीलसाहेब स्वतः येऊन ठरवणार.

माझ्या मुलीला माझं दूध पुरेना, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पोरीला नीट पाहिलं, तिचे गाल ओढले आणि म्हणाले, "ही आजारी नाही. ही भुकेली आहे. भुकेल्यासाठी बाजार आहे." मी भडकले. महाराजांकडे जाऊन तक्रार केली. महाराज हसले आणि म्हणाले, "तो माझंही ऐकत नाही, बाळ." तेव्हा ते हसणं मला फार प्रेमळ वाटलं होतं.

शेवटी दूध मिळालं ते खालांकडून. मठाच्या मागच्या भिंतीपलीकडे एक बोळ होता, त्यात खालांचं घर. खाला म्हणजे मावशी. मुसलमान विधवा बाई, पण गल्लीतले सगळेच त्यांना खाला म्हणायचे. त्यांच्याकडे एकच गाय, तिचं नाव लाडो. तिच्या दुधावर घर चालायचं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बोळावर उघडायची. मी खिडकीतून भांडं द्यायची, त्या भरून परत द्यायच्या. सोवळ्याच्या बाबतीत सासूबाई फार कडक, पण दुधाला विटाळ नसतो असा त्यांनी सोयीनं निकाल दिला. माझी मुलगी त्या दुधावर बाळसेदार झाली. वकीलसाहेबांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "लाडोबेगमचं दूध का? मग ठीक आहे. ती बाई वासराला ओढत नाही." खालांबद्दल त्यांनी काढलेला एवढाच बरा शब्द.

आता दानाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

घरात माणूस गेलं की मठाला गोदान करायची पद्धत. मेलेल्याला वैतरणी पार करायची असते, गाईचं शेपूट धरून. एकदा एका श्रीमंत घरचे मुलगे वडिलांच्या नावानं गाय घेऊन आले. गाय भाकड, एक डोळा गेलेला, बरगड्या बाहेर. बाजारात जी कुणी घेईना ती त्यांनी आणली होती. वकीलसाहेबांनी तिचं तोंड उघडून दात पाहिले आणि थोरल्या मुलाला विचारलं, "बापाशी भांडण होतं का तुझं? हिचं शेपूट धरून तो काठावरच बसून राहील." मुलगा लालबुंद झाला. गुरुजी संकल्प सांगायला तयार होते, पळीत पाणी घेतलेलं. वकीलसाहेबांनी गुरुजींचा हात धरला. "पाणी सोडायचं नाही. हे दान मला मंजूर नाही. गाय ठेवा आणि चालते व्हा." म्हणजे गाय त्यांनी ठेवून घेतली. तिला खाऊपिऊ घातलं, ती पुढे कितीतरी दिवस जगली. फक्त तिचं पुण्य त्यांनी कुणाला लाटू दिलं नाही.

हा त्यांचा सगळ्यांत मोठा कायदा. मालकानं हातावरून पाणी सोडलं तर दान. पाणी सोडलं नाही तर गाय त्याचीच.

मग ते वाईट दिवस आले. सगळा देश स्वतंत्र झाला आणि आम्ही संस्थानात अडकून पडलो. खाकी वर्दीतली पोरं रस्त्यातून घोषणा देत हिंडू लागली. खेड्यांतून जळिताच्या बातम्या यायच्या. मराठी कुटुंबं एकेक करून सोलापूर, बार्शी गाठू लागली. घरात दुभती गाय असली तर तिचं काय करायचं? सगळे मठात आणून बांधायचे. मठाचे अध्यक्षही गेले. बेगम बाजारात त्यांचं किराण्याचं घाऊक दुकान होतं. ते दुकानाला कुलूप ठोकून, "मठ सांभाळा" असं सगळ्यांना सांगून सोलापूरला निघून गेले. आम्ही गेलो नाही, कारण ह्यांना रजा मिळेना.

गाय घेऊन कुणी आलं की वकीलसाहेब दारातच विचारायचे, "दान की ठेव?" माणसं घाबरलेली, घाईत असायची, म्हणायची, "परत येऊ तेव्हा नेऊ." "मग ठेव. नेसत्या कपड्याची चिंधी फाड." मालकाच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी ते गाईच्या शिंगाला बांधायचे. बघता बघता गोठ्यात पैठणीच्या काठापासून मळक्या धोतरापर्यंत सगळ्या चिंध्या दिसू लागल्या. त्या सगळ्या गाईंना खायला घालायचं काम त्यांच्या डोक्यावर पडलं. उन्हातान्हात हिंडून ते कडबा मिळवायचे, आणि कडबा देणाऱ्यालाच चोर, लुटारू म्हणून शिव्या घालायचे.

एका दुपारी ती खाकी पोरं मठात शिरली आणि कडब्याच्या गंजीवर चढली. त्यांच्यात खालांचा मुलगा होता. आम्ही सगळ्या दारं लावून आत बसलो होतो, मी फटीतून पाहत होते. वकीलसाहेब एकटे समोर उभे. त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त खालांच्या मुलाला म्हणाले, "नीचे उतर. तेरी माँ को मालूम है तू यहाँ क्या कर रहा है?" तो पोरगा मान खाली घालून उतरला. बाकीच्यांनी मात्र अर्धी गंज गाडीत भरून नेली, आणि तो त्या गाडीबरोबर गेला. हे मी लपवत नाही. त्या पोराचा मला राग होता आणि आजही आहे.

पुढे भारताचं सैन्य आलं. पोलीस ॲक्शन झाली, संस्थान शरण गेलं, रस्त्यांत गुलाल उडाला. आम्ही पेढे वाटले. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मागच्या दारात खाला उभ्या. हातात लाडोची दोरी, मागे वासरू. त्यांचा मुलगा पळून गेला होता आणि आता लोक सूड उगवतील अशी भीती त्यांना सगळ्यांनी घातली होती. शहागंजाकडे त्यांचा भाऊ राहायचा, तिकडे त्या निघाल्या होत्या. म्हणाल्या, "वकीलसाब, मेरी लाडो कू थोड़े दिनां रख लेव. दान नईं है ये. अमानत है."

त्यांना विचारावंच लागलं नाही. वकीलसाहेबांनी मान हलवली. खालांनी आपल्या ओढणीची चिंधी फाडून दिली आणि लाडोच्या शिंगाला ती बांधली गेली, इतर सगळ्यांसारखीच.

मंडळी सोलापूरहून परत येऊ लागली. अध्यक्ष आले ते हार घालून घेतच आले. जाताना कुलूप लावून गेलेला माणूस लढाई जिंकून आल्यासारखा स्टेशनावर उतरला. येताच त्यांनी सांगितलं, सोलापुरात मी दत्ताला नवस बोललो होतो, हैदराबाद सुटलं तर गोठाभर गाई तुझ्या चरणी वाहीन. तो नवस वसुबारसेला फेडायचा. लोक धन्य धन्य करू लागले. गाई विकत कधी घेणार, असं कुणीच विचारलं नाही.

वसुबारसेला मठात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी त्या दिवशी वकीलसाहेब पहाटेच गाई माळावर घेऊन जायचे, लोकांच्या पोळ्यांपासून वाचवायला. त्या वर्षी महाराजांनी शब्द टाकला म्हणून गाई गोठ्यात राहिल्या. मग काय विचारता! वकीलसाहेब काठी घेऊन गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते. कुणी बुंदी आणली, कुणी खीर, कुणी भाताचे गोळे. ते ताटं हिसकावत होते, शिव्या देत होते, बायका किंचाळत होत्या. आणि तिकडे अध्यक्ष पाटावर बसून संकल्प करत होते, 'या गोठ्यातल्या समस्त गाई श्रीदत्तचरणी अर्पण', आणि हातावरून पाणी सोडत होते. वकीलसाहेब तेव्हा एका पेन्शनरच्या मुठीतून लाडू सोडवण्यात गुंतले होते. त्यांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही.

कळलं तेव्हा उशीर झाला होता. नवस फिटला होता, लोकांच्या गाईंवर! वकीलसाहेबांनी सभामंडपात उभं राहून अध्यक्षांना विचारलं, "तुझ्या बापाच्या होत्या का रे त्या गाई? दुसऱ्याच्या गाईवर पाणी सोडतोस?" अध्यक्ष म्हणाले, "मला वाटलं, मठात आहेत त्या मठाच्या." ज्या माणसाची स्वतःची गाय शेजारच्याच खुंट्याला ठेव म्हणून बांधलेली होती, तो हे म्हणाला.

चूक तर झाली होती. गुरुजींनी तोड काढली. अर्पण केलेली गाय परत घ्यायची तर तिच्या बदली मालकानं देवाला नारळ द्यायचा. झालं, सगळे खूश. जो तो नारळ घेऊन आला, देवापुढं ठेवला, चिंधी सोडली, गाय घेऊन गेला. अध्यक्षही आपली गाय घेऊन गेले. देवापुढं नारळांचा ढीग लागला. गोठ्यात मठाच्या स्वतःच्या गाई राहिल्या, त्या आधीपासून देवाच्याच, आणि एक लाडो राहिली.

दिवाळीनंतर खाला परतल्या. वकीलसाहेब लाडोची दोरी सोडायला निघाले तर अध्यक्ष सभामंडपातच आडवे आले. म्हणाले, ही गाय राहू द्या. सगळ्याच गाई परत गेल्या तर नवसाचं काय? निदान एक तरी अर्पण झालेली गाय देवाजवळ राहिली पाहिजे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवस त्यांचा, तोंड त्यांचं, आणि गाय मात्र जिचं पोट त्या गाईवर होतं तिची! वकीलसाहेब म्हणाले, "एक गाय विकत घे. एवढा मोठा व्यापारी तू." अध्यक्ष म्हणाले, "अर्पण केलेली गाय बदलता येत नाही." त्यांच्याच घरची गाय नारळावर बदलून नेलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. मंडपात निम्मा मठ जमला होता आणि एकही माणूस हसला नाही. मग अध्यक्षांनी मुलाचं काढलं. "तिच्या पोरानं आपला कडबा नेला." वकीलसाहेब म्हणाले, "कडबा पोरानं नेला. गाय आईची आहे. पोराला पकडून आण, मी त्याला फासावर चढवायला तुझ्या बाजूनं उभा राहतो." शेवटी अध्यक्ष हळूच म्हणाले, "त्या लोकांच्या घरी गाय परत पाठवायची म्हणजे..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. लाडो त्याच घरात लहानाची मोठी झाली होती. त्याच घरातल्या तिच्या दुधावर माझी मुलगी वाढली होती. मी हे मोठ्यानं बोलले. ह्यांनी माझा हात दाबला, पण मी बोलले. अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायकांनी यात पडू नये."

आणि तेवढ्यात खालाच आल्या. देवळाच्या पायऱ्यांशी थांबल्या, वर चढल्या नाहीत. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या हातात होतं. त्यांनी रुमाल सोडला. नारळ होता. शेंडी ठेवून सोललेला, देवाला देतात तसाच. कुणाला तरी विचारून आणला असणार. तो खालच्या पायरीवर ठेवून म्हणाल्या, "सब लोगां नारियल दे के अपनी गायां लेजारै कते. मैं बी लाई."

अध्यक्षांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यांच्या हातचा नारळ देवाला कसा चालेल?"

"तिच्या हातची गाय चालते," वकीलसाहेब म्हणाले, "आणि नारळ चालत नाही?"

त्यांचा आवाज मी कितीदा तरी चढलेला ऐकला होता, पण हे वाक्य ते फार हळू बोलले. मग ते महाराजांकडे वळले. महाराज खांबाला टेकून बसले होते, हातात माळ. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. महाराजांनी एक शब्द उच्चारला असता, नुसती मान हलवली असती तरी अध्यक्षांना हात वर करावे लागले असते. महाराज म्हणाले, "वाद नको." आणि डोळे मिटून माळ ओढू लागले. इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या पायावर डोकं ठेवलं, त्यांच्या पायावर त्या दिवसानंतर मी ठेवलं नाही. सासूबाई जन्मभर बोलल्या, पण नाही ठेवलं.

वकीलसाहेब खाली उतरले. त्यांनी तो नारळ उचलला, गाभाऱ्यात जाऊन देवापुढच्या ढिगावर ठेवला आणि बाहेर येऊन तडक गोठ्यात गेले. लाडोला सोडलं, वासराला सोडलं, दोरी खालांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चल." त्यांच्यामागून आम्ही दोघीतिघी बायका निघालो. फाटकात अध्यक्षांचा पुतण्या आणि त्याची चार टाळकी लाठ्या घेऊन उभी होती. वकीलसाहेब त्यांना ढकलून पुढे जाऊ लागले. माणसावर, म्हाताऱ्यावर हात टाकायची त्यांची छाती झाली नाही. मग त्या पुतण्यानं काय केलं? लाठी उगारली आणि लाडोच्या तोंडावर हाणली. वसुबारसेला याच मुलानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. गाय हंबरली आणि मागे सरली. त्यानं दुसरी हाणली. वासरू तिच्या पायांत आलं आणि पडलं. तिसऱ्यांदा लाठी वर गेली तेव्हा खालांनी दोरी टाकून दिली.

"मारो नक्को!" त्या ओरडल्या. "रख लेव तुम लोगां. मगर मारो नक्को उसकू!"

आणि त्या फाटकातून एकट्याच निघून गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. टाळक्यांपैकी कुणीतरी देवाच्या नावाचा जयजयकार केला. वकीलसाहेबांनी खाली पडलेली दोरी उचलली, लाडोच्या नाकातून येणारं रक्त शेरवानीच्या बाहीनं पुसलं आणि तिला गोठ्यात परत नेलं. तिच्याशीसुद्धा ते काही बोलले नाहीत.

आम्हाला वाटलं, हा माणूस आता मठ सोडून जाणार. मी तर वाटच बघत होते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात शेण काढायचा आवाज आला. माझा संताप संताप झाला. मी गोठ्यात जाऊन त्यांना वाटेल ते बोलले. लाज नाही वाटत का, त्या बाईची गाय इथं बांधून तुम्ही तिला पाणी पाजताय! त्यांनी बोलू दिलं. मग म्हणाले, "मी गेलो तर हिच्याजवळ कोण राहील? तो पुतण्या? जा, घरी जाऊन चूल पेटव."

मी चूल पेटवायला गेले, आणि खिडकीतून पाहिलं. गाई चरायला न्यायचा रस्ता पुढच्या फाटकातून होता, आज विद्यानगर म्हणतात तिकडच्या माळावर. त्या सकाळी गाई पुढच्या फाटकातून गेल्याच नाहीत. सगळा कळप मागच्या अरुंद बोळात शिरला. शिंगं भिंतीला घासत, एकमेकींना ढकलत गाई खालांच्या दाराशी आल्या आणि वकीलसाहेबांनी त्यांना थांबवलं. दार उघडलं. खाला पातेलं घेऊन बाहेर आल्या. आधी वासरू प्यायलं. त्यानं तोंड बाजूला केल्यावर खाला दूध काढायला बसल्या. वकीलसाहेब पाठ फिरवून, बोळाच्या तोंडाकडे बघत उभे होते, कुणी येतंय का ते पाहत.

त्यानंतर हे रोज चाललं. मठात लाडोचं दूध एक थेंब निघायचं नाही. अध्यक्षांनी विचारलं तर वकीलसाहेब सांगायचे, "आटली." ज्यांनी कुणाच्या भीतीनं कधी शब्द बदलला नव्हता, ते देवळाच्या दारात उभं राहून रोज खोटं बोलायचे. आणि माझं भांडं खिडकीतून पूर्वीसारखं भरून यायचं. आम्ही तिघंही त्यावर कधी एक अक्षर बोललो नाही.

लाडो खरोखर आटली त्या उन्हाळ्यात खालांचा मुलगा कराचीत असल्याचं कळलं आणि त्या तिकडे निघून गेल्या. लाडो पुढे मठातच मेली. वकीलसाहेबही मठातच गेले, आणि जाताना सांगून गेले की माझ्या नावानं कुणी गाय द्यायची नाही.

हे सगळं मी आज का लिहिते आहे ते सांगते. गेल्या महिन्यात मठात वकीलसाहेबांच्या तसबिरीचं अनावरण झालं. आता मठाला कमान आहे, माइक आहे, संगमरवर आहे. अध्यक्षांचा नातू आता अध्यक्ष आहे. तो अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी बोलत होता. त्यानं सांगितलं, वकीलसाहेब थोर गोभक्त होते. त्या धामधुमीत जिवावर उदार होऊन एका परधर्मीयाच्या घरातून त्यांनी एक गाय सोडवून आणली आणि आजोबांच्या हस्ते देवाला अर्पण केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून उभी राहिले. गुडघे दुखतात, वेळ लागतो, पण राहिले. म्हटलं, "खोटं आहे हे. ती गाय खालांची होती. त्यांनी ती विश्वासानं ठेवली होती आणि ती तुझ्या आजोबांनी दिली नाही. वकीलसाहेबांनी गाय सोडवली नाही, परत द्यायला नेली होती. तिच्या तोंडावर लाठी तुझ्या काकानं मारली. मी तिथं होते."

सगळे वळून बघायला लागले. शेजारची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "आजी, प्लीज, बसा ना." नातू माइकवर हसला, म्हणाला, "थँक्यू आजी, जुन्या आठवणी! आता आपण आरती करू या," आणि त्यानं घंटा वाजवणाऱ्याला खूण केली. घंटा सुरू झाली, झांजा सुरू झाल्या, सगळ्यांनी हात जोडले.

मी बसले नाही. आरती संपेपर्यंत मी बोलत राहिले.